नियमाला हाफटाइम नसतो

ओबेद मासिंगचा दम म्हणजे अख्ख्या मालाकुला बेटाची मालमत्ता, असं तिथले लोक छाती फुगवून सांगतात, आणि त्यात काही खोटं नाही. ओबेद रेडिओवर फुटबॉलचं धावतं वर्णन करायचा. एरवी त्याचं बोलणं अंगणात बसून गप्पा माराव्यात तसं. पण आपल्यापैकी कुणी गोल मारला की हा गडी छाती भरून हवा घ्यायचा आणि मारणाऱ्याचं नाव असं ताणायचा, असं ताणायचा, की ऐकणाऱ्याच्या हातातलं लॅपलॅप, म्हणजे पानात भाजलेलं कंदाचं थापीट, गार व्हावं. लोक घरोघरी त्याच्याबरोबर श्वास धरून बसायचे आणि त्याच्या कितीतरी आधी फसकन सोडून द्यायचे. ज्याचं नाव एकदा ओबेदनं ताणलं, त्याला गावच्या नाकामालमध्ये, म्हणजे चावडीवर, कावा या नशिल्या पेयाची पहिली करवंटी मिळे, मग तो पुढे जन्मभर चेंडूला पाय न का लावेना.

हा दम मात्र मूळचा त्याचा नव्हे. तो थोरल्या भावाचा, केलेपचा. लहानपणी केलेप या डोंगरावरून त्या डोंगराला हाक मारायचा, आणि दोन्हीकडची डुकरं माना वर करून बघायची. धाकट्यानं ते बघून बघून उचललं. पुढे केलेप गावचा चीफ झाला आणि त्याचं ओरडणं कायमचं थांबलं. आता तो हळू बोलतो, मोजकं बोलतो, आणि जे बोलतो तो नियम असतो.

तर ओबेदच्या मुलीचं, लेसलीनचं लग्न ठरलं ते नामेले क्लबाच्या लेफ्ट बॅकशी. जावयाचं नाव मी आत्ताच सांगत नाही. माझ्यावर तसं बंधन काही नाही, मी त्या बेटाचा नव्हे, लग्नाच्या पंगतीला तेवढा होतो. पण ज्या गोष्टीत सासऱ्यालाच नाव घेता येत नाही, तिथे आपण कशाला आगाऊपणा करा?

हो, घेता येत नाही. मुलाकडची डुकरं एकदा मुलीच्या अंगणात बांधली गेली की मुलीच्या बापानं, चुलत्यानं जावयाचं नाव तोंडातून काढायचं नाही. रागात नाही, लाडात नाही, झोपेत बरळतानाही नाही. उखाण्याचीसुद्धा सोय नाही! कुणाची जीभ घसरलीच तर त्यानं आपला सुळेवाला डुक्कर जावयाला देऊन टाकायचा. सुळेवाला म्हणजे ज्याचा दात वळत वळत पुरती कडी होतो तो. तो वाढवायला माणसाची निम्मी उमर जाते. ओबेदकडे असा एक होता. त्याचं नाव मिनिस्टर, कारण तो खायचा भरपूर आणि हलायचा मुळीच नाही.

आता खरी मेख इथे आहे. महासागरातल्या साऱ्या देशांच्या क्लबांची स्पर्धा, तिची अंतिम लढत राजधानीत, पोर्ट व्हिलाला, आणि तिथवर पोचलेलं कोण, तर आपलं नामेले! समोर फिजीतल्या सुवाचा हार्बर क्लब. सामना आधी, लग्न नंतर, असं सगळं सुतासारखं सरळ चाललं होतं. तेवढ्यात वादळाचा इशारा आला, फिजीकरांचं विमान उडेना, सामना आठवडाभर पुढे गेला. लग्न कसं पुढे ढकलणार? पाहुणे होड्यांनी येऊन बसलेले, सुरण उकरलेले, डुकरं खाऊन खाऊन सुस्तावलेली. गुरुवारी लग्न लागलं. नवरा मुलगा डोक्यातली फुलं न काढता नोर्सपच्या धावपट्टीवरून छोट्या विमानात बसून सरावाला परत गेला. आणि शनिवारच्या सामन्याला ओबेदच्या तोंडाला कुलूप.

ओबेद आधी हसला. "अरे, तो लेफ्ट बॅक!" तो म्हणाला. "सात वर्षांत त्यानं समोरचा गोल जवळून पाहिलेला नाही. नाव घ्यायची वेळ येतेय कशाला?"

शुक्रवारी संध्याकाळी लेसलीन व्हिलाला आली आणि बापासमोर रताळी सोलत बसली. दोन सोलून झाली. मग म्हणाली, "पप्पा, त्याला करंडक बिरंडक काही नकोय."

"मग काय हवंय? लग्नात दिल्या त्याहून अजून चटया?"

"लहानपणी तो झाडावर चढून तुमचा रेडिओ ऐकायचा. खाली उतरला की स्वतःच स्वतःचं नाव ताणायचा. त्याची आजी हसायची. त्याला एवढंच हवं होतं, तुमच्या तोंडून एकदा, तसं. त्याच्यासाठीच तो बूट घालतो असं म्हणाला. आणि आता माझ्याशी लग्न केल्यावर..." तिनं रताळं खाली ठेवलं. "मला म्हणाला, जाऊ दे, तू मिळालीस ना. पण हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता."

ओबेद उठला. ज्या पोरानं आयुष्यभर आपल्या आवाजाच्या मागे धाव घेतली, त्यालाच आपण मुलगी देऊन आवाज काढून घेतला! त्यानं तडक गावी फोन लावला.

"दादा, एक विनंती आहे. फक्त सामन्यापुरती सूट दे. नव्वद मिनिटं. संपल्यावर पुन्हा तोंड बंद." आणि त्यानं लेसलीननं सांगितलेलं सगळं सांगितलं, झाडासकट, आजीसकट.

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या.

"ओबेद," चीफ केलेप म्हणाला, "नियमाला हाफटाइम नसतो."

"अरे पण दादा..."

"घसरलास तर मिनिस्टर जाईल. आणि उद्या गावात कुणीही उठून म्हणेल, चीफच्या भावानं केलं, मग आम्ही का नाही? मी वडाखाली रेडिओ लावून बसणार आहे. सगळं ऐकणार आहे." आणि फोन बंद.

ओबेदनं भावाला अशी काही विशेषणं लावली की लेसलीननं कानांवर हात ठेवले.

शनिवारी दुपारी मैदान असं भरलं की आंब्याच्या झाडांवरही जागा उरली नाही. निम्म्या लोकांच्या कानाशी रेडिओ, कारण सामना डोळ्यांनी बघितला तरी ओबेदनं सांगितल्याशिवाय तो झाला असं कुणाला वाटत नसे. ओबेद स्टँडच्या माथ्यावर टेबल मांडून बसला. शेजारी ओदेत, आवाजाची यंत्रं सांभाळणारी. बाई कडक. सामना संपला की ती रेडिओचा आवाज मैदानाच्या भोंग्यांत सोडून द्यायची, म्हणजे खालीही सगळ्यांना ओबेद ऐकू येई.

"ओदेत, एक काम कर," ओबेद म्हणाला. "त्यानं गोल मारलाच, तर तू नाव ताण."

"मी? बरं." ओदेतनं छाती भरली, नाव सुरू केलं, आणि दुसऱ्याच अक्षराला तिला अशी ढास लागली की डोळ्यांतून पाणी आलं. दिवसाला एक पाकीट ओढणारी बाई, दम येणार कुठून? "राहू दे," ती म्हणाली. "मी यादी वाचते."

आणि यादी वाचताना दुसरा बॉम्ब पडला. फिजीकरांचा गोलकीपर! पहिलं नाव हुबेहूब तेच, जावयाचं!

"हे तरी घेता येईल ना?" ओदेतनं माइकवर हात ठेवून विचारलं.

"नाव म्हणजे नाव!" ओबेदनं कपाळ बडवून घेतलं. "दादाला काय कळणार मी कुणाचं घेतलं? एक काय कमी होता म्हणून देवानं दुसरा पाठवला!"

सामना सुरू झाला, आणि फिजीकरांनी जणू ओबेदशी जुनं वैर असल्यासारखा प्रत्येक हल्ला नामेलेच्या डाव्या बाजूनं केला. सात वर्षं ज्याच्याकडे चेंडू फिरकत नव्हता, त्याच्या पायाशी आता तो मिनिटा-मिनिटाला.

"चेंडू डावीकडे... डावीकडे आहे तो... आपला तो... अडवला! कुणी अडवला? त्यानंच!" ओबेदला घाम फुटला. "ज्याची डुकरं परवा माझ्या अंगणात बांधली, त्यानं अडवला! पुन्हा चेंडू त्याच्याकडे. लेसलीनच्या नवऱ्याकडे. अरे देवा, पुन्हा! जावयानं अडवला! जावई! जावयानं साफ केला!"

खाली एकदम हशा उसळला. अंग चोरून बसलेला एक जाडा माणूस वळून ओबेदकडे बघत ओरडला, "सासरेबुवा, जावई जोरात आहे!" आणि पुढच्या वेळी चेंडू डावीकडे गेला तेव्हा एका कोपऱ्यातून आवाज आला, "जा-वई! जा-वई!" मग दुसऱ्या कोपऱ्यातून. मग आंब्यावरून.

"जावयाचा फटका थेट गोलकडे," ओबेदलाही आता चेव चढला, "आणि अडवला... जावयाच्या नावभावानं!"

"कुणी?" ओदेतनं विचारलं.

"फिजीकर! जावयाचा नावभाऊ! लोकांना कळतंय!"

लोकांना काय, सगळं कळत होतं. पण मध्यंतराच्या जरा आधी फिजीकरांनी उजवीकडून एक गोल घातला, आणि त्या गडबडीत जावई इतका सुसाट धावत मागे आला की ओबेदच्या जिभेनं घात केला. "इ..." निघून गेलं. सगळं मैदान टेबलाकडे वळलं. ओबेदच्या डोळ्यांपुढे मिनिस्टर उभा राहिला.

"इ... इकडे!" तो किंचाळला. "इकडे आला चेंडू! इकडे!"

मध्यंतरात गावोगावचे फोन घ्यायची पद्धत. पहिलाच फोन मालाकुलाहून.

"इकडे म्हणालास," चीफ केलेपचा संथ आवाज साऱ्या देशात घुमला. "मी ऐकलं."

"इकडेच आला होता चेंडू, दादा!"

"तिकडे गेला होता. इथे सगळ्यांना माहीत आहे." मागे डुकराचं जोरदार चिरकणं ऐकू आलं, दोर ताणून ओढल्यासारखं.

ओबेदनं माइक दोन्ही हातांनी धरला. "दादा, तो कशाला ओरडतोय? बांधलास का त्याला? सामना संपलेला नाही अजून! मी नाव घेतलेलं नाही!"

"वडाखाली बांधलाय," चीफ म्हणाला. "तयारी असावी." आणि फोन ठेवला.

"बघितलंस?" ओबेद ओदेतला म्हणाला. "सख्खा भाऊ! धाकट्या भावाचं डुक्कर आधीच बांधून बसलाय! मेल्यावर तिरडी बांधतात, हा जिवंतपणी बांधतोय!"

"तू शांत हो आणि पाणी पी," ओदेत म्हणाली. "माइक चालू आहे."

उत्तरार्धात नामेलेच्या बोनिफासनं डोक्यानं गोल मारला आणि बरोबरी झाली. ओबेद सगळं विसरला. उभा राहिला, छाती भरली, "बोनिफाऽऽऽऽऽऽऽऽस!" स्टँड श्वास धरून बसला, लोक एकेक करून फुटले, ओबेद चालूच. खाली बोनिफासच्या अंगावर सगळे चढले. एकटा जावई आपल्या डाव्या रेषेवर उभा होता, कमरेवर हात ठेवून, मान वर करून थेट टेबलाकडे बघत. ओबेदचा दम तिथेच संपला. इतका लवकर तो कधीच संपला नव्हता.

शेवटचं मिनिट आलं. बरोबरी तशीच. जावयाला चेंडू मिळाला तो मैदानाच्या मध्याजवळ, आणि हे सांगायलाच हवं की त्याच्या मनात गोल मारायचा विचार नावालाही नव्हता. त्यानं बोनिफासच्या डोक्याचा नेम धरून चेंडू उंच भिरकावला. बोनिफास तर भलतीकडेच होता. पण आग्नेयेचा वारा समुद्रावरून आला, त्यानं चेंडू वरच्या वर धरला, जरा विचार केला, आणि वळवला. नावभाऊ पुढे आला, थबकला, मागे धावला, हात वर केले, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून हळूच, पाहुणा घरात यावा तसा, जाळीत गेला.

मैदान फुटलं. लोक आंब्यावरून फळांसारखे खाली पडले. ओदेतनं, कडक बाईनं, ओबेदचा मुका घेतला. ओबेद उभा राहिला आणि त्यानं छाती भरली. रेडिओवरच्या तेवीस वर्षांत भरली नव्हती एवढी हवा त्यानं आत घेतली. ते नाव त्याच्या दातांपर्यंत आलं. मिनिस्टरचं त्याला आता काही वाटत नव्हतं. दहा मिनिस्टर जाऊ देत. पण त्याला वडाखाली बसलेला भाऊ दिसला, त्याच्याभोवती बसलेला गाव दिसला, आणि उद्या त्या गावातून मान खाली घालून चालणारा चीफ दिसला. त्यानं नाव गिळलं.

"जाऽऽऽऽऽऽऽऽवई!"

लोकांनी ते उचललं, अख्खं मैदान "जावई! जावई!" करत नाचू लागलं, साऱ्या देशाचा जावई झाला तो. शिट्टी वाजली. महासागराचा करंडक नामेलेचा! पण ओबेद खुर्चीत बसला आणि त्याला रडू फुटलं. जावई म्हणजे काय, नातं. उद्या दुसऱ्या मुलीचा नवराही जावईच. पोरानं नाव मागितलं होतं.

ओदेतनं भोंगे सुरू केले. खाली करंडक हातात देऊन, खांद्यावर बसवून जावयाला फिरवत होते, लेसलीन रेषेपाशी उभी राहून एकाच वेळी हसत आणि रडत होती. ओबेदनं नाक पुसून माइक ओढला, तेवढ्यात फोनचा दिवा लागला.

"मालाकुला," ओदेत म्हणाली. "घेऊ?"

"घे. बोलू दे त्याला काय बोलायचं ते."

"ओबेद," चीफ केलेपचा आवाज भोंग्यांतून मैदानभर पसरला. "नाव घेतलं नाहीस."

"नाही घेतलं, दादा. समाधान झालं?"

"झालं. चांगलं केलंस." मग काही क्षण नुसता श्वास. लांब, खोल, आत जाणारा श्वास. ओबेद ताठ झाला. हा श्वास त्याला ओळखीचा होता. डोंगरावर, लहानपणी, या श्वासानंतर पलीकडची डुकरं माना वर करायची.

"इऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽसाऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽयाऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽ मेलसुऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽऽल!"

मैदानानं श्वास धरला. जाडा माणूस फुटला, ओदेत फुटली, आंब्यावरचे फुटले. म्हातारा चालूच. पंचांनी घड्याळाकडे बघितलं. फिजीचा नावभाऊ गोलमध्ये बसून रडत होता, तोही मान वर करून बघू लागला की मला कोण बोलावतंय. आणि खांद्यावर बसलेला इसाया मेलसुल जागच्या जागी थिजला. त्याच्या हातातून करंडकाचं एक टोक निसटलं आणि खालच्याच्या डोक्यावर आपटलं. त्याला भान नव्हतं. तो झाडावर चढलेल्या पोरासारखा तोंड उघडं टाकून भोंग्याकडे बघत होता.

हाक संपली. भोंग्यांतून म्हाताऱ्याचं धापा टाकणं ऐकू येत होतं.

"दादा," ओबेदच्या तोंडून कसंबसं निघालं, "अरे, तू चुलत सासरा आहेस त्याचा. तुझी जीभ घसरली!"

"माझी जीभ," चीफ केलेप म्हणाला, "आजवर कधी घसरली आहे का?"

"मग?"

"दंड भरायचा. नियम म्हणजे नियम."

"पण मिनिस्टर..."

"तुझा मिनिस्टर सावलीत लोळतोय. तुला काय वाटलं, दुसऱ्याचं डुक्कर मी बांधीन? सकाळपासून माझाच सुळेवाला बांधलाय. ओरडून ओरडून जीव खाल्लाय माझा." म्हाताऱ्यानं पुन्हा दम घेतला, पण या वेळी साधा, बोलण्यापुरता. "जावयाला सांग, सोमवारी घेऊन जा म्हणावं. येताना लेसलीनलाही आणायला सांग."

आणि मग साऱ्या देशानं रेडिओवर ते डुक्कर ओरडताना ऐकलं.